टीव्हीच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या घरातला टीव्ही रिमोट बघून घेतलेला आहे. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. दुकानदारही हसला होता. तो बिचारा एकामागून एक पडदे उजळून दाखवत होता, रंग बघा, आवाज बघा म्हणत होता, आणि मी प्रत्येक टीव्हीचा रिमोट हातात घेऊन डोळे मिटून अंगठ्यानं बटणं दाबत बसलो होतो. शेवटी तो वैतागला. "साहेब, तुमी टीव्ही घ्यायला आलात का रिमोट?"

"रिमोट," मी म्हणालो. "टीव्ही त्याच्यासोबत येईल तो येईल."

माझी बायको पदराआड हसत होती, पण तिला कारण माहीत होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला होता. उजवी बाजू गेली. माजलगावकडच्या साखर कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. गंजलेला नट बघितला की त्यांच्या हाताला खाज सुटायची. त्यांचा तो उजवा हात पलंगावर नुसता ठेवल्यासारखा पडलेला असायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी कितीतरी दिवस तो चोळला, वळवला, तेव्हा कुठं अंगठा हलला. फक्त अंगठा. बाई म्हणाल्या, याला रोज काम द्या, आवडीचं काम द्या. आबांना आवडीचं म्हणजे बातम्या आणि क्रिकेट. म्हणून टीव्ही, आणि म्हणून मऊ, मोठ्या बटणांचा रिमोट. नव्या टीव्हींचे ते चपटे, चार बटणांचे रिमोट मी सरळ परत केले.

टीव्ही लावायला आलेला माणूसही माझ्यावर चिडला. त्याला तो सगळ्यांसारखा वर, छताजवळ ठोकायचा होता. मी म्हटलं, बाबा, बघणारा माणूस आडवा आहे, त्याच्या नजरेसमोर लाव. त्यानं मान हलवत खाली लावला. इतका खाली, की माझ्या ठेंगण्या आईचाही हात पोचावा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आईला मी एकच दम दिला होता. "काचेला हात लावायचा न्हाई. ओलं फडकं तर अजिबात न्हाई." माझा आवाज असा आहे की साधं सांगितलं तरी भांडण वाटतं. आई म्हणाली, "न्हाई लावत, ओरडू नको."

आणि काय सांगू, तो अंगठा कामाला लागला! पहिल्यांदा बटण दाबताना आबांच्या कपाळावर घाम आला होता. टीव्ही लागला तसा त्यांनी लगेच बंद केला आणि परत लावला. डावा हात धडधाकट होता, पण त्या हातानं दाबायचं नाही, ही त्यांनी स्वतःलाच घातलेली अट. "डाव्यानं दाबलं तर चोरी," म्हणायचे. जीभ जड होती, तरी शब्द कळायचे. हळूहळू त्यांना आवाज कमीजास्त करता यायला लागला, मग चॅनल बदलता यायला लागलं, मग आमच्या मालिका मुद्दाम घालवता यायला लागल्या. बायको करवादायची, "आबा, बगू द्या की!" आणि आबा अंगठा वर करून दाखवायचे. घरात परत भांडणं सुरू झाली, मला लई बरं वाटलं.

मग दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं अवजारांची पूजा असते. आबा कामावर होते तेव्हा पाने, हातोड्या, कानस असं सगळं तेल लावून पाटावर मांडलं जायचं. तो डबा आता माळ्यावर होता. आईनं घरातली विळी, कात्री पुजली, आणि ताट घेऊन टीव्हीसमोर उभी राहिली. "आता ह्यांचं अवजार हेच हाय," म्हणाली. टीव्हीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मी बघितलं, काच स्वच्छ होती, म्हणून काही बोललो नाही. उलट मोबाइलवर फोटो काढला.

त्यानंतर काही दिवस टीव्ही बंदच दिसायला लागला. मी विचारलं तर आबा म्हणाले, डोळे दुखतात. आई म्हणाली, झोप येते त्यांना. त्यांना त्रास नको म्हणून आम्हीही कुणी टीव्ही लावला नाही. व्यायामाचा रबरी चेंडू उशीखाली गेला. बाई आल्या की हात आखडून घ्यायचे. बाईंनी मला दारात गाठून विचारलं, "कावून हो, मन उठलं का त्यांचं?" मी चिडचिड केली. आबांवर, आईवर, सगळ्यांवर. जेवायचेही नीट नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडायचे. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझतोय, असं वाटून माझं कामात लक्ष लागेना.

एका रविवारी दुपारी क्रिकेटची मॅच होती. म्हटलं, आज तरी बघतील. मी रिमोट उचलला आणि दाबला. काही नाही. परत दाबला, हातावर आपटला, बॅटऱ्या गोल फिरवल्या. काही नाही. "च्यायला, ह्याला काय झालं आता!" मी ओरडलो.

आबा भिंतीकडचं तोंड फिरवून माझ्याकडं बघायला लागले.

"तुझ्यानं बी लागंना?"

"न्हाई ना!"

"जोरात दाब."

"दाबतोय की! बंद पडलाय डबडा."

"टीव्हीच बिगडला?" आबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. आणि हसले! टीव्ही बिघडला म्हणून खूश झालेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

मला उमगायला जरा वेळ लागला. दसऱ्यापासून ते दाबत होते आणि टीव्ही लागत नव्हता. त्यांना वाटलं, अंगठा परत गेला. कुणाला सांगितलं नाही. मी म्हणालो, "आवो आबा, मग डाव्या हातानं दाबून बघायचं ना एकदा!"

"आन लागला असता तर?" आबा म्हणाले.

मी दुकानातून नव्या बॅटऱ्या आणल्या. तरी टीव्ही लागेना. दुकानदाराला फोन केला. माझं नाव ऐकून त्याला रिमोट आठवला. तो म्हणाला, मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडं धरा आणि बटण दाबा. उजेड दिसला तर रिमोट ठीक आहे. मी मोबाइल धरला आणि रिमोट आबांच्या हातात दिला. "दाबा."

त्यांनी अंगठा ठेवला. दाबला. मोबाइलवर जांभळट ठिणगी चमकली. उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, कॅमेऱ्यात मात्र लखलख. आबांनी परत दाबलं, परत ठिणगी. आई येऊन वाकून बघायला लागली.

दुकानदार फोनच्या स्पीकरवर होताच. "मग टीव्हीचा डोळा बगा. खाली लाल दिव्याजवळ आसतो. काही आलंय का आड?"

लाल दिवा दिसतच नव्हता. तिथं हळदकुंकवाचा जाडजूड लेप वाळून बसला होता, त्यात दोन अक्षताही चिकटलेल्या.

आईनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! तू काचेला लावू नको म्हणालास. तितं आदीच लाल ठिपका व्हता, मला वाटलं हेच कपाळ."

मी भिंतीवरच्या बटणानं वीज बंद केली, चष्म्याच्या मऊ फडक्यानं हलकेच खरवडून पुसलं, वीज परत चालू केली. लाल दिवा दिसला. आबांनी रिमोट टीव्हीकडं धरला आणि दाबलं. मॅच लागली. त्यांनी आवाज वाढवला, वाढवतच गेले, शेजारचे डोकावले तरी थांबले नाहीत. आई तिथंच खाली बसून रडली. आबा म्हणाले, "चेंडू कुठंय माजा?"

त्या कुंकवावर मी चिडायला हवं होतं. चिडता आलं नाही, अजूनही येत नाही. त्याच्यामुळं मला कळलं की हा माणूस गप्प पडतो तेव्हा घाबरलेला असतो. दुकानदाराचे, बाईंचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि आईचे तर काय सांगावेत.

यंदा खंडेनवमीला आई ताट घेऊन आली तेव्हा मी टीव्हीच्या आड उभा राहिलो. "सरक बाजूला, तुझ्या टीव्हीला कुणी शिवत न्हाई," ती म्हणाली. पलंगाशी गेली, आबांचा उजवा हात मांडीवर घेतला, अंगठ्याला तेल लावलं, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

"मी काय अवजार हाय का?" आबा म्हणाले.

"गप बसा," आई म्हणाली. "चालू हाय तवर पुजून घ्यावं."

आबांनी त्याच अंगठ्यानं टीव्ही लावला. रिमोटच्या बटणावर अजून लाल डाग आहे.