जेवणानंतरची लाल गोळी

मैत्रेयी, सम्यक —

हे मी तुमच्या बाबाला कधी सांगितलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि तुमच्या आजोबांना — त्यांना तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण पहिलं खोटं मी मराठीत बोलले होते. अडेल तिथे बाबा वाचून दाखवेल. त्यानेही हे वाचायलाच हवं.

मैत्रेयी, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आजी, मेरा हीमोग्लोबिन थोड़ा कम आया है. मैं खुद ही आयरन की गोलियाँ ले आई. आपकी पोती हूँ ना!" मागे बाबा हसला. मी घाईघाईने म्हटलं, थांबव, आधी डॉक्टरांना दाखव, शरीरात लोह किती साठलंय ते तपासून घे. तू विचारलंस, "क्यों?" मी म्हटलं, लिहून कळवते.

लिहायला बसले, तर चार दिवस नुसती शाई बदलते आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी मुलींच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकवायची. लोह हा माझा विषय. माझी आई बाळंतपणात गेली, अंगात रक्त नव्हतं म्हणून — हे मी दर वर्षी वर्गात सांगायची, आणि वर्ग शांत व्हायचा. ह्या पत्रात ते सांगून माझी सुटका व्हायची नाही. तेलीबागच्या घरात पालेभाजी नागपूरहून आणलेल्या लोखंडी कढईतच व्हायची, काळी पडेपर्यंत. वर लिंबू. जेवणानंतर तासभर चहा नाही. आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे जेवण नसतं हो, प्रॅक्टिकल असतं."

त्यांचं रक्त कायम थोडं कमी यायचं. चारबागजवळच्या सरकारी कचेरीत ते चाळीसएक वर्षं जिने चढले, कधी दमले नाहीत. पण कागदावर आकडा कमी. निवृत्तीनंतर मी लोहाची गोळी सुरू केली. कुणी लिहून दिली होती? कुणीच नाही. मी दिली. दुपारी जेवण झालं की ते तळहात पुढे करायचे आणि मी त्यावर लाल गोळी ठेवायची. काही वर्षं हे असंच.

मग निशातगंजला एक नवी डॉक्टरीण बसायला लागली. तिने बऱ्याच तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट घेऊन गेलो त्या दिवशी आजोबांना स्कूटर लावायला जागाच मिळेना, म्हणून मी एकटी आत गेले. खोलीत आणखी दोन पेशंट. तिने कागद पाहिले, मान वर केली. "आंटी, इन्हें आयरन किसने लिखा?"

"मैंने."

ती ओरडली वगैरे नाही. शांतपणे सांगितलं: ह्यांच्या रक्तात लोहाची कमतरता नाही, रक्तपेशीच जन्मापासून बारीक आहेत. हा आजार नाही, घराण्यातून आलेली ठेवण आहे. गोळीने ती बदलत नाही, नुसतं लोह साठत जातं — लिव्हरमध्ये, हृदयात, कुठेही. आजच बंद करा. तिने तसं लिहून दिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: मुलांचीही तपासणी करावी.

मुलीच्या वयाची बाई. दोन परक्या माणसांसमोर.

बाहेर आजोबा स्कूटर धरून उभे. "काय म्हणाल्या?"

काय कठीण होतं? गोळी बंद करा म्हणाल्या — एवढंच तर होतं. ते हसले असते. "म्हणजे मास्तरीणबाई नापास!" — संध्याकाळपर्यंत दहादा म्हणाले असते, शेजारच्या शुक्लाजींना बोलावून सांगितलं असतं. ते हसणं मला नको होतं. खरंच, एवढंच. ह्याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं.

"चालू ठेवा म्हणाल्या," मी म्हटलं.

त्यांनी स्कूटरला किक मारली.

पुढे चार वर्षं मी ती गोळी देत राहिले. सुरुवातीला वाटायचं, पुढच्या महिन्यात हळूच बंद करू. मग वाटलं, आता बंद केली तर विचारतील, का? आणि मग — मग वाटायचंच थांबलं. चिठ्ठी मी त्यांच्या फाइलमधून काढून फ्रिजच्या गॅरंटीच्या कागदांत ठेवली. फाडली नाही. कागद फाडायची मला सवय नाही.

ते विसरायला लागले तेव्हा सम्यक, तू लहान होतास. तुला ते विचारायचे, "बेटा, तुम किसके हो?" आणि तुला तो खेळ वाटायचा. गॅस चालू राहायचा. घराकडे यायची गल्ली चुकायची. मी रागवायची — तेही लिहायलाच हवं — "अहो, आत्ताच तर सांगितलं!" चारचौघांत.

बाबा सुट्टी काढून आला आणि आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. आत खोलवर काळसर डाग होते. म्हणाले, इथे लोह साठतं. वय झालं की सगळ्यांचंच साठतं, ह्यांचं जरा जास्त दिसतंय. मग सहज विचारलं, "कभी लंबे समय तक आयरन की गोली तो नहीं खाई?"

बाबा माझ्याकडे बघत होता. औषधांची फाइल माझ्या मांडीवर होती.

"जी, याद नहीं," मी म्हटलं.

तेवढ्यात आजोबा बोलले. दिवसभर गप्प बसलेला माणूस, अगदी स्पष्ट: "खाते हैं. रोज़. खाने के बाद. लाल वाली."

आणि मी हसले. मी डॉक्टरांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "इन्हें अब कुछ याद नहीं रहता."

डॉक्टरांनी मान हलवली. बाबाने मान हलवली. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

कढई, गोळी, चार वर्षं — त्या सगळ्यापेक्षा हे वाक्य मला ऐकू येतं. त्या खोलीत खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी वेडा ठरवलं.

गोळीनेच त्यांचा मेंदू गेला का? नंतर मी दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता, मैत्रिणीची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, असं ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही. जास्तीचं लोह मेंदूला चांगलं नाही एवढं खरं, पण विस्मरण कशानेही होतं. म्हणजे कदाचित नाही. म्हणजे कदाचित हो. मी रोज ह्या दोन शब्दांच्या मध्ये उठते.

ती चिठ्ठी सोबत जोडते आहे. शेवटची ओळ तुमच्या बाबासाठी होती, आता तुम्हा दोघांसाठीही आहे. ती ओळही मी इतकी वर्षं फ्रिजच्या कागदांत दाबून ठेवली.

मेंदूच्या डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी मी गोळी बंद केली. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, आणि तळहात पुढे आला.

"डॉक्टरांनी बंद केली," मी म्हटलं. खरं वाक्य, चार वर्षं उशिरा.

माझं नाव त्यांना आठवत नव्हतं तेव्हा. तुमच्या बाबाचंही नाही. पण ते म्हणाले, "डॉक्टर तर म्हणाल्या होत्या, चालू ठेवा."

पुढे ते गेले त्या थंडीपर्यंत रोज हेच वाक्य. रोज तो हात. मी त्यावर चिमूटभर बडीशेप ठेवायची, आणि ते ती पाण्याबरोबर गिळून टाकायचे — न चावता, गोळीसारखी, माझ्याकडे बघत.

— आजी