बाबा रोज पर्वती चढतात

अ‍ॅरिझोनात, चँडलरमधल्या आमच्या कॅनियनिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढून टाकलंय. ग्रुप मीच काढला होता. दोर माझे, दोराला अडकवायचे कमरेचे पट्टे, म्हणजे हार्नेस, निम्मे माझे, कुठल्या दरीत पाणी किती आहे आणि पाऊस कधी येणार हे आठवडाभर बघत बसणारीही मीच. तरी मला काढलं, आणि काढताना कोणी एक ओळ लिहिली नाही. याचा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

कॅनियनिंग म्हणजे अरुंद दरीत वरून शिरायचं आणि दोरावरून उतरत, पोहत, दगडांवरून घसरत खालच्या तोंडाने बाहेर पडायचं. यात एक गोष्ट आहे जी लोकांना दहादा सांगूनही कळत नाही. पहिला कडा सगळे उतरले की दोर खाली ओढून घेतात, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. दोर ओढला की परतीची वाट संपली. मग पाय मुरगळो, भीती वाटो, थंडीने दात वाजोत, पुढेच जायचं. म्हणून माझा नियम होता: ज्याने जिममधल्या भिंतीवर माझ्यासमोर दोराची प्रॅक्टिस केली नाही, तो येणार नाही. ग्रुपवर सगळ्यांनी त्याला लाइक दिले होते. लाइक द्यायला काय जातं?

त्या शनिवारी सकाळी आम्ही चँडलरच्या भट्टीतून निघून वर पाइनच्या जंगलातल्या पार्किंगमध्ये जमलो. आमच्यातला एक, माझ्याच ऑफिसातला पुणेकर मित्र, गाडीतून उतरला आणि मागचं दार उघडून त्याने वडिलांना उतरवलं. काका नुकतेच पुण्याहून आले होते. बँकेतून रिटायर झालेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. पायात नवेकोरे बूट, त्यांना दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं.

"सरप्राइज," मित्र म्हणाला.

मी त्याला बाजूला घेऊन नियमाची आठवण करून दिली. त्याने हसण्यावारी नेलं. "अगं, बाबा रोज पर्वती चढतात यार. तुझ्यामाझ्यापेक्षा फिट आहेत."

पर्वतीला पायऱ्या आहेत. दमलं तर बसायला जागा आहे, आणि नको वाटलं तर अर्ध्यातून मागे फिरता येतं. हे मी त्याला सांगितलं. तेवढ्यात बाकीचे मध्ये पडले. होऊ दे ना, एवढ्या लांब आलेत काका, आपण आहोत ना सगळे. हे 'आपण आहोत ना' माझ्या डोक्यात जातं. पंगतीत ऐनवेळी एक पान वाढवावं तसं हे लोक दोरावर एक माणूस वाढवतात.

मी तणतणत डिकीपाशी जाऊन सामान काढायला लागले. काका पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडे आले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"मला यायचं नाहीये. पण मी म्हणालो म्हणून सांगू नकोस."

मी विचारलं, तुम्हीच का नाही सांगत? ते म्हणाले, मुलाने हौसेने बूट आणलेत, काय काय बुक केलंय. नाही म्हटलं की त्याचं तोंड पडतं. मग घरात चार दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. पुण्यात असं काही झालं तर ते चपला घालून बाहेर पडतात, मित्रांमध्ये जाऊन बसतात. इथे गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"इथे घरातून निघून जाणार कुठे?" ते म्हणाले. बाटलीचं झाकण त्यांच्याकडून नीट लागेना. मी ते घेऊन लावलं आणि त्यांना शब्द दिला.

मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की काकांना मी नेणार नाही. ट्रिप माझी, नियम माझा. मित्र लाल झाला. माझ्या वडिलांचा अपमान करतेस, म्हणाला. मी म्हटलं, तसं समज हवं तर. बापलेक गाडीत बसून परत गेले. गाडी वळताना काका सीटवर मान टेकून डोळे मिटून बसलेले मला काचेतून दिसले. आम्ही उरलेले दरीत उतरलो. पाणी सुंदर होतं, ऊन वरून कातळावर उतरत होतं, आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं झालं.

ट्रिप झाली की पुढच्या शनिवारी आमच्यात पॉटलक असतं, ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायचा. टीव्हीवर व्हिडिओ लावायचे, मिसळ खायची आणि आपण किती घाबरलो होतो ते हसत सांगायचं. या वेळी ते त्याच मित्राकडे होतं. दोरही धुऊन वाळायला त्याच्याच गॅरेजमध्ये टांगलेले असायचे, कारण गॅरेज मोठं; या वेळीही बाकीच्यांनी ते तिथेच नेऊन टाकले होते. मी गेले. व्हिडिओ आमचे चालू होते, पण किस्सा त्याचा चालू होता. त्याच्या किश्शात काका हार्नेस चढवून कड्यावर तयार उभे होते आणि मी त्यांना म्हातारा म्हणून हाकलून दिलं. मी तो शब्द उच्चारलासुद्धा नव्हता. कड्यापर्यंत तर कोणी पोचलंही नव्हतं. एक मैत्रीण मला समजावायला लागली, की मोठ्या माणसांशी असं वागू नये गं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मिसळ नुसती ढवळत होते. मी त्यांच्याकडे बघून सगळं गिळलं.

मग मित्राने जाहीर केलं की पुढच्या शनिवारी तीच दरी परत करायची. काका येणार. मी नसले तरी चालेल, दोर आहेतच गॅरेजमध्ये.

आता मात्र मला गप्प बसवेना. दिलेला शब्द मी मोडला आणि त्याचं मला काहीही वाटत नाही.

"काकांना यायचं नाहीये," मी म्हटलं. "त्यांनी मला पार्किंगमध्ये सांगितलं. तुला सांगायची सोय नाही म्हणून मला सांगितलं."

कोणीतरी टीव्ही म्यूट केला. मित्र वडिलांकडे वळला. "बाबा, खरंय का हे?"

काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही रे. मी कशाला असं म्हणेन? तिचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

गैरसमज! मी उठले, गॅरेजमध्ये गेले, दोर गुंडाळले आणि गाडीत टाकले. कोणी अडवलं नाही, कोणी मदतही केली नाही. घरी पोचेपर्यंत मी ग्रुपच्या बाहेर होते. त्यांची ट्रिप बारगळली, कारण त्या कड्याला पुरेल एवढा दोर दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मित्राचा राग होता, 'आपण आहोत ना'वाल्यांचा होता, पण सगळ्यात जास्त राग काकांचा होता.

काही आठवड्यांनी इंडियन ग्रोसरीत पोह्यांच्या रॅकपाशी काका दिसले. मुलगा बाहेर गाडीत फोनवर बोलत होता. मी नजर चुकवून पुढे निघाले, तर तेच मागून आले.

"त्याने नवा दोर मागवलाय," ते म्हणाले. "तुझ्या दोराइतकाच लांब आहे. पुरेल का गं तो?"

"पुरेल," मी म्हटलं. कडा तोच होता, तो काही वाढणार नव्हता. काकांचा चेहरा उतरला. हातातलं पोह्यांचं पाकीट ते उगाचच उलटसुलट करून बघत राहिले. मग काचेतून बाहेर नजर टाकून आवाज आणखी खाली आणला.

"परत एकदा तूच सांगून बघ ना त्याला."

मी भयंकर चिडले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे नसते तर मी तिथेच ओरडले असते.

"सांगते," मी म्हटलं. "आत्ता सांगते. तो तुम्हाला माझ्यासमोर विचारेल, खरंय का म्हणून. या वेळी काय म्हणाल, काका?"

दुकानाचं दार उघडलं आणि मुलाने तिथूनच हाक मारली, बाबा, झालं का?

"आलो रे, आलो," काका म्हणाले, आणि पोहे तिथेच ठेवून त्याच्या मागे निघाले.