खोट्या ठरलेल्या भाकिताची तपासणी

नांदेड स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दोन फॉर्म होते आणि डोक्यात कसलाही गोंधळ नव्हता. उद्या काय होऊ शकेल याचा अभ्यास करून लोकांना आजच सावध करणाऱ्या माणसाला पुण्यातली एक संस्था दरवर्षी भविष्यवेध सन्मान देते. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, परीक्षकांपैकी एक. दोन उमेदवारांना भेटायचं, फॉर्म भरायचे आणि परतायचं. मुख्य प्रश्न सोपा होता: भाकीत खरं ठरलं का? होय किंवा नाही.

पहिले उमेदवार नांदेडचेच एक प्राध्यापक; त्यांनी चहावर चहा पाजला आणि वीस वर्षांपूर्वीची जाडजूड वही पुढे ठेवली. शहर गोदावरीच्या पलीकडे पसरेल, गाड्या वाढतील, लोक घरबसल्या खरेदी करतील. "एकही चुकलं नाही, मॅडम!" मी 'होय'वर खूण केली. मग सहज विचारलं, "या वहीमुळे कुणी काही वेगळं केलं का?"

"ते फॉर्ममध्ये आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, निलंग्याजवळच्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाण्यासाठी, एसटीने लातूरला पोहोचले आणि चक्रावलेच. दुकानं बंद, रस्ते ओस. स्टँडबाहेरचा एकुलता एक रिक्षावाला हसला. "येळवस (वेळ अमावस्या) हाय की आज! समदे शेतात जेवाया गेलेत. मी बी निघालोच." जन्मभर भूगोल शिकवला आणि एवढं माहीत नव्हतं! स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या एसटीने निलंगा गाठलं, तर स्टँडवर उमेदवाराच्या गावचे तरुण सरपंच मोटारसायकल घेऊन आले होते. ते मला थेट शेतातच घेऊन गेले. तिथे कोप (कडब्याची खोपी), त्यापुढे पंगत, पानात भज्जी (बेसनात शिजवलेल्या शेंगा आणि पालेभाज्या). माझे उमेदवार, ऐंशीला टेकलेले बिराजदार गुरुजी, मात्र विहिरीच्या काठावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत होते. येळवशीला प्रत्येक मालक आपल्या शेतात सापडतो, म्हणून गुरुजी याच दिवशी विहिरीमागून विहीर मोजत फिरतात आणि मालकाला पाणी दाखवतात. वीस वर्षांपूर्वी त्यांनी शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं: असेच बोअर पाडत राहिलो, तर वीस वर्षांत गावच्या विहिरी आटतील. गावाने घाबरून बोअरबंदी केली.

मी विहिरीत डोकावले. पाणी होतं, चांगलं पुरुषभर.

"म्हणजे खोटंच ठरलं न्हाई का?" सरपंच म्हणाले. "आता बंदी उठवा म्हणायलेत लोक. ग्रामसभा हाय पंधरा दिवसांत."

मी फॉर्म काढला. 'नाही'वर खूण करायची? पण बंदी होती म्हणून पाणी होतं. मग 'होय'? विहीर तर भरलेली! तेवढ्यात कुणीतरी आग्रहाने आंबील (ज्वारीचं आंबट ताकासारखं पेय) पुढे केली, माझा हात लागला आणि तांब्या फॉर्मवर आडवा झाला.

गुरुजींनी तो कागद झटकून वाळत घातला आणि माझ्याजवळ बसले. "बाई, मला शाल-नारळ नको. ग्रामसभेच्या आत तुमचा कागद येऊ द्या. माझं ऐकून कान किटलेत यांचे. पुण्याचं तरी ऐकतेल." बोलताना ते दोराची एकच गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होते. हा माणूस घाबरला आहे, हे तेव्हा मला कळलं.

फॉर्म वाया गेलाच होता. परतीच्या गाडीत मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: भाकीत खोटं ठरलं, कारण गावाने ते खरं मानलं. एक प्रत संस्थेला, एक सरपंचांना.

सन्मान नांदेडला गेला. माझी नोंद नमुन्यात बसत नव्हती, असं कळवण्यात आलं. मी चरफडले, आणि मग ग्रामसभेच्या संध्याकाळी गुरुजींचा फोन आला.

"तुमचा कागद वाचला, बाई. दोनदा वाचाया लावला. बंदी राहिली."

सन्मानाचं सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांनीही विचारलं नाही. गुरुजींचं भाकीत अजून काही वर्षं तरी खोटंच राहणार होतं.