नवी डिस्क मागच्या सीटवर

केजला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतं तेव्हापासून मी त्याला सल्ला देऊ लागतो. कापसाचं पान वळलेलं असो नाहीतर मोटार पाणी ओढत नसो, उत्तर माझ्या तोंडावर असतं. लोकही ऐकून घेतात, कारण उधारी माझ्याकडेच असते. त्यामुळे आपल्याला सगळ्यातलं थोडंथोडं कळतं, असा माझा समज झाला होता.

धाकट्या बहिणीने कॉम्प्युटरची पदवी घेतली. आता घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी दोन माणसं झाली, असं मी चारचौघांत सांगू लागलो. त्यातला दुसरा कोण, हे कोणी विचारलं नाही.

तिला एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. लोकांचे कॉम्प्युटर अडले की फोनवरून वाट दाखवायची, असं काम होतं. पुण्याच्या ऑफिसात बसून केलं तरी चालणार होतं आणि घरून केलं तरी. मात्र घरून करायचं तर मुलाखत घरच्याच लॅपटॉपवरून द्यायची होती. तो नीट चालतो का, हे ते तेव्हाच बघणार होते. तिचा ओढा पुण्याकडे होता. एका मैत्रिणीने खोलीत जागाही धरून ठेवली होती. आडवा आलो तो मी.

"पुन्याला कावून जायचं? लॅपटॉप हाय की घरी. आईच्या हातचं खा आन् काम कर."

"दादा, त्यो लॅपटॉप लई रडतो."

"त्याचं मी बघतो. तू निस्ता अभ्यास कर."

तिने 'घरून' असं कळवून टाकलं. मुलाखतीत लॅपटॉप अडकला तर नोकरी गेली, एवढं सरळ होतं. आणि लॅपटॉप माझ्या हातात होता.

मी तो घेऊन बीडला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने नव्या पद्धतीची डिस्क दाखवली, तळहाताएवढी आणि आगपेटीसारखी हलकी. "ही मेन जागेवर लावतो आन् विंडोज हिच्यावर टाकतो," तो म्हणाला. "जुनी सीडीच्या खाचंत बसवू, फोटो-बिटो ठेवायला."

इथे माझ्यातला थोरला जागा झाला. आमच्याकडे जीपमध्ये पुढच्या सीटवर कोण बसणार, हे वय आणि मान बघून ठरतं. आधी येऊन बसलेलं पोरगं असलं तरी म्हातारं माणूस आलं की ते निमूट मागे जातं. जुन्या डिस्कने दुकानाच्या हिशेबांचा पसारा इतकी वर्षं वाहिला, आणि काल आलेलीने तिला उठवून खाचेत बसवायचं, हे मला बरं दिसेना.

"जुनी हाय तितंच ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "नवी बसवा मागं."

"मग उपेग न्हाई व्हायचा, मालक."

"न्हाई कसा? दोन बैल जुपल्यावर गाडी पळंलच की."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मी सांगितलं तसं करून दिलं.

घरी आल्यावर लॅपटॉप रडायचा थांबला आणि रुसला. बटण दाबून आई चहा टाकायची, चहा पिऊन कप विसळून व्हायचे, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. मग मी माझ्या धंद्यातला इलाज केला. रोग ओळखू येत नसला की मी तीन औषधं एकाच पंपात मिसळून फवारायला सांगतो, एक नाही तर दुसरं लागू पडेल म्हणून. लॅपटॉपात एक अँटिव्हायरस होताच, त्यात आणखी दोन घातले. तिघं मिळून दोन्ही डिस्का उकरत बसले आणि उरलेला जीवही गेला. नंतर तो तापतोय असं वाटून मी त्याला कूलरसमोर ठेवलं. "त्याला वलं वारं लागंल," आई म्हणाली. तुला त्यातलं काय कळतं, असं मी तिला म्हणालो आणि संध्याकाळी कीबोर्ड गुपचूप फडक्याने पुसला.

बहीण दोनदा माझ्याकडे आली. विंडोज जुन्या डिस्कवरच आहे, नवी नुसती रिकामी बसलीय, मला अदलाबदल करू दे, असं तिने नीट समजावून सांगितलं.

"नवी वस्तू हाय, सेट व्हायला येळ लागतो," मी दोन्ही वेळा म्हणालो. न उगवलेल्या बियाण्याबद्दलही मी हेच सांगतो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला एका साखरपुड्याला तलवाड्याला जावं लागलं. संध्याकाळी परत आलो आणि बटण दाबलं. आईने पातेलं गॅसवर ठेवलंही नव्हतं तेवढ्यात लॅपटॉप चालू झाला. "बघ, झाला का न्हाई सेट?" मी म्हणालो. बहिणीने पुस्तकातून मान वर केली नाही. सकाळी दुकानावर आलेल्या प्रत्येकाला मी हा किस्सा ऐकवला.

दुपारी मुलाखत सुरू झाली. काही अडलं तर धावून जाता यावं म्हणून मी दाराबाहेर बसलो होतो. अलीकडे सोडवलेली एखादी अडचण सांगा, असं आतून एका बाईंचा आवाज म्हणाला.

"एका ग्राहकाने लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवून घेतली," बहीण शुद्ध पुस्तकी भाषेत सांगू लागली. "त्यानंतर तो आणखी हळू झाला. सगळं काम जुन्याच डिस्कवर चाललं होतं."

असेही लोक असतात, मी मनात म्हटलं.

"शिवाय तीन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते."

माझे कान तापले.

"मी दोन काढले, विंडोज नव्या डिस्कवर नेलं आणि दोन्हींच्या जागा बदलल्या."

"ग्राहकाला कसं पटवलंत?"

"पटवता आलं नाही, मॅडम. ते ऐकून घेत नाहीत. ते गावाला गेल्यावर केलं."

"परवानगी न घेता?" बाईंचा आवाज बदलला. "आमच्याकडे हे अजिबात चालत नाही."

बहीण गप्प झाली. ती अशी गप्प झालेली मी पूर्वी खूपदा पाहिली होती, आणि बहुतेक वेळा समोर मीच असायचो. मी बनियनवर तसाच आत गेलो आणि पडद्यासमोर वाकलो.

"मॅडम, त्ये गिऱ्हाईक मीच. हिचा थोरला भाऊ. तिनं दोनदा इचारलं व्हतं. मीच करू दिलं न्हाई. तिची काई चूक न्हाई यात."

पलीकडच्या बाई हसल्या, पण लगेच सावरल्या. "निवड झाली तर घरूनच काम करणार ना तुम्ही?" त्यांनी तिला विचारलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. 'हो' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. तिच्या वतीने मी आजवर कितीदा बोललो असेन, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं आणि मला लाज वाटली. मी तोंड मिटून उभा राहिलो.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "पुण्याला ऑफिसात येऊन करीन."

तिची निवड झाली. तिला एसटीत बसवून आम्ही स्टँडवरून घरी चाललो होतो. आई डोळे पुसत म्हणाली, "तुज्या त्या लॅपटॉपापायी गेली बघ पोरगी."

मी हो म्हणालो. लॅपटॉप तर केव्हाच नीट झाला होता.