फिनाईलनं धुतलेली कालवड

आमच्या काकांचा मला आजही राग येतो. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. काका शहरात, सदर भागातल्या एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते. घरातले बाकी सगळे मागावर बसणारे, त्यामुळे काकांचा शब्द म्हणजे डॉक्टरचाच शब्द! आमची गाय व्यायली, कालवड झाली. "हे तुही," आई मला म्हणाली. कालवड माझी! मी दहा वर्षांची, नुसती नाचत सुटले.

गाय तिला चाटायला वळली, तेवढ्यात काकांनी वासरू ओढून घेतलं, फिनाईलच्या पाण्यानं धुतलं आणि लांब ओसरीवर नेऊन बांधलं. गाईच्या जिभेवर जंतूच जंतू असतात म्हणे!

"चाटू द्या नं तिले, भाऊजी. चीक पिऊ द्या," आई म्हणाली.

"तुमाले काय समजते, वहिनी? जंतूनं मरणारी माणसं मी रोज पाहून राहिलो."

काकांना सगळं उकळूनच पाजायचं होतं, आणि चीक उकळला की घट्ट होतो, बाटलीतून जात नाही. म्हणून सगळ्या चिकाचा खरवस झाला आणि गल्लीभर वाटला. काकांनी स्वतः दोन वाट्या चापल्या! कालवडीला मात्र शेजारच्या गाईचं दूध, तेही दोनदा उकळून. आमची गाय दावं ताणून हंबरत होती. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा सांगून पाहिलं, तर वडीलच तिच्यावर खेकसले.

तिसऱ्या दिवशी कालवडीला हगवण लागली. काकांनी ओसरीवर आणखी फिनाईल ओतलं. चौथ्या दिवशी तिनं मान टाकली. मी दोन दिवस जेवले नाही.

पुढे मी शिकले, जंतूंवरची पुस्तकं वाचली. चिकातून वासराला पहिलं संरक्षण मिळतं. आईच्या अंगावरून, जिभेवरून जंतू त्याच्या पोटात जाऊन वस्ती करतात आणि तेच शरीराला रोगाशी झुंजायला शिकवतात. काकांनी दोन्ही वाटा बंद केल्या होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक घरी गेले आणि त्यांना सगळं सुनावलं.

काका पान चघळत म्हणाले, "जाऊ दे वं पोरी. तवा कोणाले ठाऊक होतं हे?"

"आईले ठाऊक होतं!" मी ओरडले. "दोनदा सांगतलं तिनं तुमाले!"

आई आतून धावत आली.

"चूप बस वं," ती मलाच म्हणाली. "मोठ्या माणसाशी असं बोलतेत काय?"