सुटीत खोकला कमी होतो का?

नागपूरबाहेरच्या एका कारखान्यात मी डॉक्टर आहे. तिथे बसच्या बॉड्या बांधतात. गेटजवळची एक खोली हा माझा दवाखाना. मदतीला एक नर्सबाई. रोजचं काम म्हणजे कापलेली बोटं, डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कीस आणि नाइट शिफ्टवाल्यांची अ‍ॅसिडिटी.

एका हिवाळ्यात पेंट शॉपमधला एक कारागीर सारखा यायला लागला. चाळिशीचा, उमरेडच्या विणकर घरातला. वडिलांच्या मागावर त्याचा हात कधी बसला नव्हता, पण स्प्रे गन त्याच्या हातात शोभायची. त्याला खोकला होता आणि पहाटे छातीत शिट्ट्या वाजायच्या. बाहेरच्या डॉक्टरांनी कधी अ‍ॅलर्जी सांगितली, कधी थंडी. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच.

मला कामामुळे होणाऱ्या दम्याची शंका आली. माझ्या जाड पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता आणि त्यात रोग्याशी काय बोलायचं ते नव्हतं. त्याला समोर बसवूनच मी कॉम्प्युटरवर शोधलं. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं रोग्यांसाठी लिहिलेलं एक पान सापडलं. असली पानं आम्ही डॉक्टर सहसा उघडत नाही. ती आपल्यासाठी नाहीतच, असं धरून चालतो. त्यात पहिलाच प्रश्न होता : सुटीत खोकला कमी होतो का?

मी तो तसाच विचारला.

"होते ना मॅडम," तो म्हणाला. "दिवाळीत गावाले गेलो तं खोकलाच नाही. बायको म्हणे, कंपनीतून घेऊन येता का जी रोज?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही."

मग त्याला श्वासाचा जोर मोजणारी एक फुंकायची नळी दिली. ड्युटीच्या दिवसांत फुंकर कमी पडायची, सुटीत सुधारायची. धरमपेठेतल्या छातीच्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं. रंगात मिसळतात त्या हार्डनरनं त्याला दमा झाला होता.

पुढच्या वेळी त्याच्याबरोबर बायको आली. तसं पान मराठीत मला मिळालं नव्हतं, म्हणून इंग्रजीवरून मीच सांगत गेले. एकदा शरीरानं हार्डनरशी वैर धरलं की थोडा वासही पुरतो. मास्कवर भरवसा ठेवता येत नाही. ते काम जितकं लवकर सुटेल तितकं बरं. उशीर झाला तर दमा कायमचा राहू शकतो. शेवटचं वाक्य गाळावं असं वाटलं. गाळलं नाही.

"मंग आता यायनं करावं काय?" बायकोनं विचारलं. "ते लिहून हाय का त्यात?"

लिहिलं होतं. मालकाशी बोला, दुसरं काम मागा. मी वाचून दाखवलं.

"एवढं वाचून राहिल्या, तं एखादी चांगली गोष्ट बी वाचा ना मॅडम," तो म्हणाला.

मी पान खाली सरकवलं. काही जण पूर्ण बरे होतात, असं एक वाक्य होतं. ते वाचलं. तो बायकोला म्हणाला, "ऐकलं ना वं?"

त्या पानाची प्रत मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्याआधी माझा वैद्यकीय भाषेतला अहवाल त्यांच्याकडे नुसता पडून होता. हे मात्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि त्याच आठवड्यात त्याला स्टोअरमध्ये हलवलं. मला हायसं वाटलं. पण स्टोअरची मागची भिंत पेंट शॉपला लागून होती. एका दुपारी तिकडचे वास बाहेर ओढणारे पंखे बंद पडले, वास स्टोअरमध्ये शिरला आणि चौघांनी त्याला उचलून माझ्या खोलीत आणलं. ओठ निळे पडले होते. औषधाची वाफ देत देतच आम्ही त्याला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं. नर्सबाई त्याची पाठ चोळत होत्या आणि तो हातानं त्यांना सांगत होता की नको.

तो वाचला. कारखान्यात परत आला नाही. त्याला अनफिट ठरवणारी सही माझीच होती.

काही महिन्यांनी कंपनीनं त्याच्या बायकोला सीटची कव्हरं शिवायच्या खात्यात घेतलं. मॅनेजरसाहेबांना त्याचं समाधान होतं, आणि खरं तर तेवढंही कुठे होत नाही. भरतीची तपासणी माझ्याकडे असते. ती आली, नळीत जोरात फुंकली. फुंकर उत्तम होती.

"ते कसे आहेत?"

"बसून राह्यतात. जिना चढले का दोनदा थांबा लागते."

"दुसरं काही काम बघितलं का?"

"प्रताप नगरात भाजीची गाडी लावली होती. पण ओरडता येत नाही नं, मॅडम. दोन हाका मारल्या का खोकला. बाजूचा गाडीवाला ओरडे आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाये. यायनं मंग गाडी वापस केली."

शिवणखातं पेंट शॉपपासून लांब आहे. तरी तिला बसवून मी स्वतः तिथपर्यंत चालत गेले, मशिनींमधून फिरले. वास नव्हता. परत येऊन फिट लिहिलं आणि तिला सांगितलं, थोडा जरी खोकला लागला तरी लगेच माझ्याकडे या.

"येईन," ती म्हणाली. पदर खोचत उठली, दारात थांबली. "पण मले बी काम सोडा म्हणसान, तं मी नाही ऐकणार."