साच्याखालची पत्र्याची पट्टी

आम्ही कुंभार, पण माझा हात चाकावर कधी बसला नाही. थोरला भाऊ थट्टेनं म्हणायचा की माझ्या हातची घागर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भरली तर पितरं तहानलेलीच परत जातील. वडील लवकर गेले, घर त्याच्या चाकावर चालायचं, तरी त्यानंच मला गुजरातेत कौलांच्या कारखान्यात शिकायला धाडलं. तिथं मी यंत्र बसवायला शिकलो. पुढं प्रकाशा गावाजवळ तापीकाठी एका मारवाडी शेठनं इंग्रजी कौलांचा कारखाना काढायचं ठरवलं, तेव्हा बोलावणं आलं ते मलाच. भावानं आळीत गूळ वाटला.

त्याला कळत नव्हतं असं नाही. तो करायचा ती नळीची कौलं. चाकावर मातीचा लांब नळा ओढायचा, ओला असतानाच उभा चिरून त्याचे दोन करायचे, मग वाळवून भाजायचे. आखाजी झाली की लोक पावसाळ्याआधी घरं शाकारायला काढत आणि आसपासच्या गावांत कौलं जात ती त्याच्याच भट्टीतली. यंत्राची चपटी कौलं निघू लागल्यावर त्याची कोण घेणार? हे मी त्याच्यासमोर कधी बोललो नाही, तोही बोलला नाही. संध्याकाळी आम्ही शेजारी जेवायला बसायचो आणि मी ताटातून मान वर करत नसे.

यंत्र तसं साधं होतं. लोखंडी चौकट, तिच्यात मधोमध जाड आट्यांचा उभा खांब आणि खांबाच्या डोक्यावर आडवा दांडा. खालचा साचा बैठकीवर पक्का, वरचा खांबाच्या टोकाला. मध्ये तेल लावलेली मातीची वडी ठेवायची, दोन गड्यांनी दांडा फिरवायचा, वरचा साचा खाली येऊन दाबायचा की कौल तयार. मी सगळं जोडलं, ओळंबा लावून पाहिला, शेठनं नारळ फोडला आणि पहिली कौलं फळ्यांवर वाळायला ठेवली. वाळली ती सगळी वाकडी. एक बाजू जाड, एक पातळ, पातळ बाजू आधी सुकून वर उचललेली. छपरावर घातली असती तर दोन कौलांच्या फटीतून मांजर आत आलं असतं.

का ते मला त्याच दिवशी कळलं. खालचा साचा एका कोपऱ्यात किंचित बसका होता. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून त्या कोपऱ्याखाली सारायची, एवढंच काम होतं. माझ्या पेटीत पत्रा होता, कात्री होती. मी पेटी उघडली नाही.

शेठला म्हणालो, माती कोवळी आहे, मुरू द्या. मग तेल बदललं. मग बोल्ट आवळले, ढिले केले, परत आवळले. यातलं काही अगदीच खोटं नव्हतं, माती खरंच कोवळी होती, पण मी काय करतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. शेठ बोलला, "आखाजीपर्यंत नाही जमलं तर यंत्र परत धाडून देतो, मिस्तरी." आमच्याकडे सालदारांचं साल आखाजीला बदलतं, त्यानं यंत्रालाही तोच हिशोब लावला होता. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. कारण माणूस भला होता. दुपारी घरचं ताक पाठवायचा, एकदाही आवाज चढवला नाही. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दांड्यावरचे दोघे गडी सातपुड्यातले पावरा आदिवासी होते. दिवसभर घाम गाळून केलेली कौलं संध्याकाळी स्वतःच खड्ड्यात टाकून परत तुडवायचे. ते आपसात हसत, बोली मला कळत नसे, पण मला ते माझ्यावरच हसताहेत असं वाटे.

दिवसा शेठचा गुन्हेगार. यंत्र सुधारलं तर संध्याकाळी भावाचा. चोरानं निदान एकाच घरी चोरी केलेली असते.

आखाजीच्या आदल्या दिवशी भाऊ बाजारात घागरी विकून रिकामी गाढवं घेऊन कारखान्यावर आला. वाकड्या कौलांपैकी एक उचलून, एक डोळा मिटून त्यानं ते आडवं धरून पाहिलं. खाली ठेवलं.

"गावमा लोके काय म्हनतस, माहीत शे का तुले? म्हनतस, कुंभारना पोऱ्या शिकी उना नि वाकडी कौलं काढस."

"म्हनू दे," मी म्हणालो.

"मन्ही मान खाले जाई ऱ्हायनी."

"दादा, हाई नीट व्हयनं ते तुन्हं काय व्हयी?"

त्यानं यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला. "मन्हं मी दखसू," म्हणाला. "तू आते नीट कर."

मी पेटी उघडली, पट्टी कापली. साचा जड होता, गडी जेवायला गेले होते. भावानंच पहार घातली, अंगाचा सगळा भार टाकून कोपरा उचलून धरला आणि मी पट्टी आत सारली. गडी आले, दांडा फिरला, कौल निघालं. चारी कडांना सारखं जाड. शेठनं माझी पाठ थोपटली आणि मला वाटलं, ही थाप चुकीच्या माणसाच्या पाठीवर पडते आहे.

भट्टी उतरल्यावर पहिली मागणी आली ती कळसाडीहून, भावाच्याच जुन्या गिऱ्हाइकाची. माल पोचवायला गाढवं हवी होती आणि गाढवं भावाची होती. तो बोलावण्याआधीच हजर झाला. तिथं कौलं उतरवून तो स्वतः शिडीवरून छपरावर चढला. कित्येक वर्षं त्याच घरावर त्यानं आपली कौलं रचली होती, पण हे चपटं कौल, छपराच्या रिपेला, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीला, अडकवायच्या पाठीमागच्या खुंटीसकट, त्याला नवं होतं. त्यानं ते हातात फिरवून पाहिलं, मग वाकून माझ्याकडे बघितलं. घरमालक माझ्या शेजारी उभा होता.

"मिस्तरी," भाऊ वरून म्हणाला, "हाई खुंटी रिपना वरल्या अंगले का खालल्या? तुम्ही सांगा."

आमच्यात थोरला भाऊ धाकट्याला अहोजाहो करत नाही. मी त्याचा चेहरा निरखून पाहिला. त्यात टोमणा असता तर मी तो आनंदानं सोसला असता. पण तो कामावर आलेला माणूस होता आणि उत्तराची वाट बघत होता.